डिकीवरचा सात

आमच्या साताऱ्याच्या घरामागे, आजोबांच्या काळी जिथे म्हशी बांधायचे त्या गोठ्यात, १९९४ पासून एक डुक्कर उभं आहे. डुक्कर म्हणजे डुक्कर फियाट. पन्नाशीच्या दशकात कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून जी फियाट ११०० बाहेर पडायची, तिचं गोलमटोल अंग बघून आपल्याकडे तिला हे नाव पडलं. इटलीत तिला मिलेचेंतो म्हणत, म्हणजे नुसतंच ‘अकराशे’. पुढची दारं उलट्या बाजूने उघडतात, गिअरचा दांडा स्टेअरिंगला चिकटलेला, इंजिन १०८९ सीसीचं. सध्या त्या इंजिनावर एका मांजरीची चौथी पिढी नांदते आहे.

थोरल्या काकांनी ही गाडी १९७१ साली मुंबईत कुणाकडून तरी जुनी घेतली आणि गाडीबरोबर एक वाक्यही घेतलं. “ही शोलावरमला पळालेली गाडी आहे.” पुढे गाडी बंद पडली, वाक्य मात्र चालू राहिलं. त्याला कधी धक्का मारावा लागला नाही. लग्न असो, बारसं असो, काका मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, “शोलावरमला तिसरी आली होती.” काका गेले, वाक्य घरात राहिलं.

शोलावरम हे मद्रासच्या उत्तरेला. दुसऱ्या महायुद्धात तिथे विमानांसाठी धावपट्टी बांधली होती. युद्ध संपलं, विमानं गेली आणि पुढे त्या मोकळ्या पट्टीवर हौशी लोक मोटारी पळवायला लागले. आपल्याकडे जुहूच्या धावपट्टीवरही शर्यती व्हायच्या. नवी फियाट दारात यायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, त्या काळात ही माणसं तीच फियाट आपण होऊन जोरात पळवून मोडायची. त्यांच्या घरच्यांचा मला विचार करवत नाही.

तर मागच्या दिवाळीत पुण्याचा पुतण्या गोठ्यात डोकावला आणि म्हणाला, “काका, रेसिंग हिस्टरी असेल तर हिची किंमत चौपट. फक्त प्रोव्हेनन्स पाहिजे.”

“आणि तो पार्ट मिळतो कुठे?” बायकोने विचारलं. ती व्यवहारी आहे.

प्रोव्हेनन्स म्हणजे गाडीची कुळकथा. जन्म कुठे, मालक कोण कोण, कुठे पळाली, कुठे आपटली, सगळं कागदोपत्री. माझी स्वतःची एवढी माहिती माझ्याकडे नाही. तरी मी कामाला लागलो.

सुरुवात घरातून केली, ही पहिली चूक. आत्या म्हणाली, “अरे, मला चांगलं आठवतंय. घाट चढताना हिच्यातून वाफ निघत होती, तरी तिसरी आली.” मी तिला शांतपणे सांगितलं, की शोलावरमला घाट नाही, ती विमानाची धावपट्टी, तव्यासारखी सपाट. आत्या म्हणाली, “तू होतास का तिथे?” मी नव्हतो. आत्याही नव्हती, पण हा मुद्दा तिने गैरलागू ठरवला. चुलत भावाच्या मते गाडीत एक राजेसाहेब बसले होते. कुठले, ते तो दर वेळी बदलत होता. दोन दिवसांत माझ्याकडे चार मालक, तीन अपघात आणि एक पळून जाऊन केलेलं लग्न एवढा ऐवज जमला. कागद एकही नाही.

मग आरसी बुक काढलं. ते डुप्लिकेट निघालं. मूळचं पानशेतच्या पुरात गेलं, असं काका सांगायचे. पानशेतचा पूर १९६१ सालचा आणि काकांनी गाडी घेतली १९७१ साली, हे त्यांच्या हयातीत कुणाच्या डोक्यात आलं नाही. आता विचारायला काका नाहीत. डुप्लिकेटमध्ये काकांच्या आधीच्या मालकाच्या जागी शाईचा डाग होता. बॉनेटखालच्या पट्टीवरचा नंबर वाचायला मी पत्रा रॉकेलने पुसला, तर त्यातले दोन आकडे रॉकेलबरोबर गेले.

मद्रासकडच्या एका जुन्या क्लबाला मी पत्र लिहिलं. त्यांचं फार सभ्य उत्तर आलं. साल, चालकाचं नाव आणि शर्यतीतला नंबर कळवा, आम्ही शोधून देतो. म्हणजे जे मला हवं होतं ते मी त्यांना द्यायचं आणि त्यांनी ते मला परत करायचं. वाचनालयात जाऊन तीन दिवस जुनी वर्तमानपत्रं चाळली. गुळाचे भाव, नाटकांच्या जाहिराती आणि शिंका यांच्यापलीकडे हाती काही लागलं नाही. एका पानावर ‘फियाट उलटली’ असा मथळा दिसला तेव्हा काळजात धस्स झालं. बातमी खंडाळ्याची होती, गाडीत आंबे होते.

दरम्यान पुतण्याने नवीनच काढलं. २०२१ साली केंद्र सरकारने नियम केलेत. पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए अशी अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. (विलायतेतले सोवळे लोक १९३० नंतरच्या गाडीला विंटेज म्हणत नाहीत. आपलं सरकार त्या मानाने दिलदार.) अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढायची नाही, ही त्यातली अट आमची गाडी १९९४ पासून काटेकोरपणे पाळते आहे. दुसरी अट मात्र अवघड होती. गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको.

“चासी बदलली आहे का?” एजंटने विचारलं.

“हिला वेगळी चासीच नाही,” मी म्हणालो. आणि ते खरं आहे. या मॉडेलमध्ये बॉडी आणि सांगाडा एकच. एजंटने पेन खाली ठेवलं, मागे वळून दार बंद आहे का ते पाहिलं आणि हळूच विचारलं, “चोरीची आहे का?”

मूळ स्वरूप! रात्रभर झोप लागली नाही. इंजिन १९७८ च्या सुमारास बदललं होतं, हे मला पक्कं ठाऊक. जुनं इंजिन आमच्याच विहिरीवर दोन उन्हाळे पंप ओढत होतं. डाव्या बाजूचे दोन्ही पत्रे नवे. सीटांचं कापड आत्याच्या जुन्या पडद्यांचं. मग पळाली ती नक्की कोण, आणि गोठ्यात उभी आहे ती कोण?

अशा वेळी माणूस वाचायला लागतो. वाचता वाचता मला लंडनचा एक खटला सापडला आणि माझा जीव भांड्यात पडला. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची एक बेंटले स्पीड सिक्स. ल मान्सची चोवीस तासांची शर्यत तिने १९२९ आणि १९३०, अशी लागोपाठ दोन वर्षं जिंकली. एकाच गाडीने. मग १९३२ साली तिच्यात आठ लिटरचं इंजिन बसवून तिला ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर उतरवलं. तिथे ती ट्रॅकच्या उंच, तिरक्या कडेवरून पलीकडे गेली आणि क्लाइव्ह डन्फी हा चालक जागीच गेला. उरलेल्या गाडीला पुढे छप्पर घालून नवं रूप दिलं. एकेक करत जवळपास सगळंच बदललं.

१९९० साली तिचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला, तेव्हा घेणाऱ्याने पाय मागे घेतला. म्हणाला, यात त्या गाडीचं आहेच काय? प्रकरण हायकोर्टात गेलं. दोन्हीकडचे जाणकार दिवसच्या दिवस नटबोल्टवर साक्षी देत होते. न्यायाधीशांनी निकाल दिला, की १९२९ च्या गाडीचं हिच्यात जवळपास काही राहिलेलं नाही हे खरं. पण ही गाडी कधी संपली नाही. तिचे भाग बदलत गेले आणि ती होत होती तशी होत राहिली. त्यामुळे हीच खरी ओल्ड नंबर वन. पैसे मोजा.

मी हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “यात कोर्टात जाण्यासारखं काय होतं? आजींची गोधडी बघा की.” आजीच्या गोधडीला दर दोन-तीन वर्षांनी नवा धडपा लागतो, आतली लुगडी केव्हाच विरून गेली, दोरासुद्धा आईच्या हातचा. पण ‘आजीची गोधडी कुठाय?’ म्हटलं की घरातलं शेंबडं पोरसुद्धा तीच उचलून आणतं. एक कोटी पौंडांचा निकाल आमच्या कपाटात घडी घालून पडला होता.

तेव्हा धीर आला. पत्र्याखाली काय दडलंय ते बघू म्हणून मी वॉटर पेपर आणला आणि डिकीपासून सुरुवात केली. बिजागरी गंजून तुटलेली होती, त्यामुळे झाकण सुटंच निघालं. ते गोठ्याच्या भिंतीला टेकवलं आणि घासायला बसलो. आधी काकांचा क्रीम रंग गेला. खाली हिरवा. हिरव्याखाली लांबी, म्हणजे पत्र्याचे पोचे बुजवायचा लगदा, चांगली बोटभर. काकांनी नाही तर कुणीतरी ही गाडी कशावर तरी दणकून आपटली होती. लांबीखाली पांढरं दिसायला लागलं. चौकोनी पांढरं. आणि त्यात लाल.

मी पाणी मारलं. बोटाने पुसलं. पांढऱ्या चौकोनात लाल रंगाचा, जाड ब्रशने काढलेला, कोरल्यासारखा काटकोनी इंग्रजी सात. शर्यतीचा नंबर!

पुढचे दोन दिवस सांगण्यासारखे नाहीत, तरी सांगतो. फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. अठ्ठेचाळीस अंगठे आले. पुतण्याने ‘कार नंबर सेव्हन’ असं इंग्रजीत लिहून पुढे एक आग लावली. आत्याने व्हॉइस मेसेज पाठवला, “मी म्हणतच होते, सात नंबर. मला तेव्हापासून आठवतंय.” मी कंदी पेढे वाटले. क्लबाला नंबर कळवला. वीस हजारांचा विचार आता खर्च वाटेनासा झाला होता. रात्री झोपताना मी बायकोला म्हणालो, “कोर्टात आपल्याकडे सात आहे.” ती म्हणाली, “दिवा घालवा.”

तिसऱ्या दिवशी पुतण्याने दादरहून उस्तादांना आणलं. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांवर जाड काच, बोटांत अजून ग्रीस. साठच्या दशकात ते ज्या गॅरेजमध्ये पोऱ्या होते, तिथे ही गाडी यायची म्हणे. ते आल्या आल्या गाडीभोवती एक फेरी मारून आले, बॉनेट उघडून मांजरीला सलाम केला आणि म्हणाले, “हीच. शेठची.”

माझ्या अंगावर काटा आला. “आणि हा बघा,” मी म्हणालो, “शर्यतीचा नंबर.”

उस्तादांनी मान डावीकडे वाकवली. मग उजवीकडे. मग वाकून झाकणाला दोन्ही हात घातले, ते उचललं आणि खालची बाजू वर करून परत भिंतीला टेकवलं.

“एल,” ते म्हणाले.

गोठ्यात कुणी बोललं नाही. मांजरीनेही अंग चाटायचं थांबवलं.

“शेठचं मोटार ट्रेनिंग स्कूल होतं ना,” उस्ताद म्हणाले. “या गाडीवर अर्धं दादर शिकलं. ही लांबी मीच भरलेली आहे. एक मास्तर होते, त्यांना रिव्हर्स कधी जमलाच नाही.”

“पण शोलावरम?” माझा आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

“गेली होती ना! शेठना शर्यतीचा भारी नाद. दर वर्षी बघायला जायचे. एका वर्षी मुंबईहून शेठ आणि मित्र मिळून तीन गाड्या निघाल्या, शेठ हीच घेऊन निघाले. मीपण मागे बसलो होतो, पाण्याचे डबे धरून. खंबाटकीच्या घाटात रेडिएटर उकळला, वाफच वाफ. तासभर थांबलो. बाकीचे दोघं पुढे गेले.” उस्ताद अभिमानाने हसले. “पण पोचली साहेब, मद्रासपर्यंत पळाली. तिसरी आली.”

मी आत्याला फोन लावला. घाट होता, वाफ होती, तिसरीही आली होती. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “मग मी वेगळं काय सांगत होते?”

क्लबाला दुरुस्तीचं पत्र अजून पाठवायचं आहे. एजंटचा दोनदा फोन येऊन गेला. उस्ताद जायला निघाले तेव्हा पुतण्या त्यांना स्टँडवर सोडायला गेला आणि गोठ्यात मी एकटा उरलो. इकडे तिकडे पाहिलं, झाकण उचललं आणि पहिल्यासारखं उलटं करून भिंतीला टेकवलं. पाहुणे येतात तेव्हा मी त्यांना दारातूनच दाखवतो. तिथून सात फार छान दिसतो.