ग्रेट ओशन रोड उरकण्याची रीत

मेलबर्नला शिकायला येऊन एक सत्र उलटलं आणि अजून तुमचा ग्रेट ओशन रोड, म्हणजे समुद्राकाठचा तो प्रसिद्ध रस्ता, उरकलेला नाही? मग तुमच्या शिक्षणातच काहीतरी खोट आहे. पदवी काय, आज ना उद्या मिळेल. पण समुद्रात उभ्या असलेल्या ट्वेल्व्ह अपॉसल्स या सुळक्यांसमोर दोन्ही हात पसरून, पाठमोरं उभं राहिल्याचा फोटो नसेल, तर तुम्ही परदेशात आहात हे घरच्या ग्रुपवरच्या आत्या-मावश्यांना पटणार कसं? तेव्हा येत्या शनिवारी हे काम हातावेगळं करा.

आधी मित्रमंडळी गोळा करा. ग्रुप काढा आणि त्याला नाव काय द्यायचं यावर दोन दिवस वाद घाला. आठ जण ‘पक्का’ म्हणतील, म्हणून आठ जणांची गाडी ठरवा. शुक्रवारी रात्री तिघांना अचानक शिफ्ट लागेल. पंधरवड्याला 48 तासच काम करायची परवानगी असलेल्या माणसांना नेमकी याच शनिवारी शिफ्ट कशी लागते, हे विचारू नये. उरलेल्या पाचांत लायसन्सवाला एकच असणार आणि त्याचं वय पंचविसाच्या आत असणार. त्यामुळे गाडी भाड्याने देणारे बहुधा वर जादा आकार लावतील. तो त्याच्याच माथी मारा. गाडी चालवायची मजा शेवटी तोच घेणार आहे ना!

सकाळी सहाला निघायचं ठरवा, म्हणजे साडेनऊपर्यंत निघता येतं. हा रस्ता टॉर्कीपासून सुरू होतो आणि 243 किलोमीटर चालतो, पण टॉर्कीलाच पोचायला मेलबर्नहून शंभरेक किलोमीटर जावं लागतं. काही अरसिक लोक लॉर्नला किंवा अपोलो बेला मुक्काम करून दोन दिवसांत हा प्रवास करतात. त्यांच्या नादी लागू नका. रविवारी रात्री 11:59 ला असाइनमेंट द्यायची आहे, आणि तिच्यासाठी लॅपटॉप तुम्ही डिकीत टाकलेलाच आहे.

ईस्टर्न व्ह्यूला रस्त्यावर एक लाकडी कमान लागेल. तिथे सगळ्यांनी उतरा आणि वाहत्या रस्त्याच्या मधोमध उभे राहून उड्या मारतानाचा फोटो काढा. मागून गाड्या येतील, येऊ द्या. बाजूला एक पाटी आहे, ती वाचायची गरज नाही. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात कुदळ-फावड्यांनी कडे फोडून हा रस्ता केला आणि तो न परतलेल्या सोबत्यांना अर्पण केला, असं काहीबाही समजतं. म्हणजे तुम्ही दिवसभर ज्यावरून गाणी लावून जाणार, ते एक अवाढव्य युद्धस्मारक आहे. उगाच मूड जातो. पाटीकडे पाठ केली की उजेडही चांगला येतो.

पुढे केनेट रिव्हरला निलगिरीच्या झाडावर कोआला दिसेल. तो दिवसाचे वीसेक तास झोपतो. वसतिगृहातल्या कुणाचा तरी भास होईल, पण तेवढ्यावर थांबू नका. टाळ्या वाजवा, शिट्ट्या मारा. एवढ्या लांबून आलोय आणि हा डोळेसुद्धा उघडत नाही म्हणजे काय?

आता मुख्य विषय, पाणी. चौपाटीवर लाल-पिवळे झेंडे रोवलेले दिसतील. त्या दोन झेंड्यांच्या मध्येच पोहावं, कारण जीवरक्षकांचं लक्ष तिथे असतं, असा इथला नियम आहे. पण तिथे ही गर्दी, प्रत्येक फोटोत कुणाचं तरी पोर येतं. तुम्ही लांब जा. जिथे लाटा फुटत नाहीत, पाणी जरा गडद आणि अगदी शांत दिसतं, अशी जागा बघा. बहुतेक वेळा तोच रिप करंट असतो, म्हणजे किनाऱ्यावर आलेलं पाणी परत आत ओढून नेणारा प्रवाह. जाणकार सांगतात, त्यात सापडलात तर त्याच्याशी झुंजू नका, तरंगत राहा, हात वर करून मदत मागा. पण तुम्हाला कशाला हे? तुम्ही लहानपणी विहिरीत पोहायला शिकलेले.

पोहता येणाऱ्यांचं काय होतं हे या देशाला चांगलं ठाऊक आहे. 17 डिसेंबर 1967 रोजी खुद्द पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट पोर्टसीजवळच्या चेविअट बीचवर पाण्यात उतरले, ते पुन्हा दिसलेच नाहीत. समुद्राची दांडगी हौस असलेला माणूस. शोध शोध शोधलं, मृतदेहही मिळाला नाही. मग मेलबर्नमध्ये त्यांच्या नावाने काय असावं? जलतरण तलाव! हे मी रचून सांगत नाही. उपरोधिक लिहिणाऱ्याच्या पोटावर पाय देणारा देश आहे हा.

सनस्क्रीन अर्थातच लावू नका. ‘आपण उन्हातलीच माणसं’ हे वाक्य मोठ्याने म्हटलं की पुरे. इथल्या उन्हाळ्यात वारा गार आणि आभाळ ढगाळ असतानाही अतिनील किरणं भाजून काढतात, म्हणून 1981 पासून इथे ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ म्हणत शर्ट घाला, सनस्क्रीन थापा, टोपी घाला अशी मोहीम चालली. त्यांचं त्यांना. सोमवारी लेक्चरला खांद्यावर बॅग अडकवता आली नाही, तर एका खांद्यावर अडकवा. दुसराही भाजला असेल तर हातात धरा.

एव्हाना संध्याकाळ झाली असेल, कारण दुपारचे दोन तास ड्रोन उडवायला परवानगी आहे की नाही यावर वाद घालण्यात गेलेत. अपॉसल्सना पोचलात की मोजत बसू नका. चुनखडकाचे ते सुळके बारा कधी नव्हतेच, त्यातला एक 2005 मध्ये ढासळला. पुढच्या लंडन ब्रिज नावाच्या खडकाच्या कमानीचा एक भाग 1990 मध्ये कोसळला, तेव्हा दोन पर्यटक पलीकडे अडकले आणि त्यांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. हेवा वाटावा असं नशीब. हेलिकॉप्टर फुकट, आणि असा फोटो दुसऱ्या कुणाकडे असणं शक्य नाही.

लॉख आर्ड गॉर्ज ही किनाऱ्यावरची घळ गाडीने पाच मिनिटांवर आहे, म्हणजे वगळण्यासारखीच. 1878 मध्ये तिथे जहाज फुटलं आणि चोपन्न जणांपैकी दोघंच वाचली. टॉम पिअर्स हा शिकाऊ खलाशी पोहत किनाऱ्याला लागला, ओरडणं ऐकून परत पाण्यात शिरला आणि ईव्हा कारमायकेलला ओढून आणलं. मग कडा चढून मदत शोधायला गेला. दोघांचं लग्न व्हावं म्हणून सगळी वसाहत देव पाण्यात घालून बसली होती. ती आयर्लंडला परत गेली. समोरची खडकाची कमान 2009 मध्ये पडली, तेव्हा उरलेल्या दोन खांबांना त्यांचीच नावं दिली. असली गोष्ट सांगायला पंधरा सेकंदांच्या रीलमध्ये जागा कुठे असते? पुढे चला.

परतीला अंधार. कांगारू नेमके याच वेळी रस्त्यावर येतात, त्यामुळे चौघांनी गाढ झोपावं आणि चालकाने एकट्याने जागं राहावं. मेलबर्नला पोचताच सगळ्यांना जाग येते, ती हिशेबासाठी. पेट्रोल पाचात वाटायचं ठरेल. मग ‘मी तर मागच्या सीटवर होतो’ हा मुद्दा निघेल. तो फेटाळू नका, मार्चपर्यंत पुरतो.

पुढच्या शनिवारी कुठे, असा कौल ग्रुपवर लगेच टाका. कुणीतरी फिलिप आयलंड सुचवेल. दिवस मावळला की फूटभर उंचीचे पेंग्विन समुद्रातून बाहेर येतात आणि वाळूवरून डुलत डुलत बिळांकडे जातात, ते शेकडो माणसं गुपचूप बसून बघतात. ऐकायला बरं वाटतं. पण पेंग्विनांना त्रास होतो म्हणून तिथे फोटो काढायला बंदी आहे. फोन खिशातच ठेवावा लागतो. तेव्हा सुचवणाऱ्याला ग्रुपमधून काढा आणि दुसरं काहीतरी बघा.