पीडीएफ साठवण्याआधी परवाना बघा

शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज पीडीएफचा पाऊस पडतो. मूळ कुणाचं, बदललं तर चालेल का, कशाचाच पत्ता नाही. वर शिक्का तिसऱ्याच चॅनेलचा. माझं स्पष्ट मत: ज्याचा परवाना दिसत नाही, त्यावर आपली वर्कशीट उभी करू नका.

बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवता येतात, पण सर्व हक्क मंडळाकडे असल्याचं पुस्तकातच छापलेलं असतं. शिकवायला खुशाल वापरा. त्यातली चित्रं कापून स्वतःची पुस्तिका काढायची असेल, तर लेखी परवानगी घ्या.

क्रिएटिव्ह कॉमन्सचा (सीसी) परवाना, म्हणजे काही अटींवर वापराची आधीच दिलेली मोकळीक, असला की काम सोपं होतं, फक्त परवान्याच्या नावातली अक्षरं वाचायची. बाय म्हणजे श्रेय द्या. एसए असेल तर तुमचं बदललेलं साहित्यही त्याच परवान्यानं द्यावं लागतं. एनसी म्हणजे धंदा नको. आपल्याला खरा नडतो तो एनडी, म्हणजे बदल करून वाटू नका: मराठी भाषांतर करून ते वाटता येत नाही. इंग्रजीतलं चांगलं काही सापडलं की आधी हेच बघा, नाहीतर आठवडाभराची मेहनत पाण्यात.

पहिली ते चौथीसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मोफत गोष्टींच्या संकेतस्थळाला तोड नाही. भाषा मराठी निवडा, वाचनपातळी १ ते ४ मधली लावा, लॉगिन करून पीडीएफ घ्या. परवाना बहुतेक ठिकाणी सीसी बाय ४.०, म्हणजे श्रेय देऊन गोष्ट अहिराणीत करा, छापा, विकलीत तरी चालेल. आडवी पानं असतील तर एका ए-फोरवर दोन बसतात. फक्त कागद वाचवायला शेवटची पानं गाळू नका. लेखक, चित्रकार, अनुवादक आणि परवाना तिथेच असतो. ती गाळली की श्रेयाची अटच मोडली.

विज्ञानाला कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट (PhET) हे संकेतस्थळ; त्यावर सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, मिळतात. मराठी अनुवाद असलेलं सिम्युलेशन निवडा आणि एचटीएमएल फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. वर्गात नेट लागत नाही. मोबाइलवर पाठवली की कधीकधी साध्या व्ह्यूअरमध्ये उघडते आणि पडदा पांढराच राहतो. तीच फाइल क्रोममध्ये उघडा. जावा या जुन्या तंत्रावर चालणाऱ्या सिम्युलेशनच्या नादी लागू नका. आणि मराठी संज्ञा आपल्या पाठ्यपुस्तकाशी ताडून घ्या, मुलं तिथेच अडकतात.

आता मराठीची खास डोकेदुखी. जुन्या पीडीएफमधला मजकूर कॉपी केला की वर्डमध्ये इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो, कारण मूळ टंकन युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, नसतं. फाँट शोधत बसू नका. पानाचा स्क्रीनशॉट काढा, गुगल ड्राइव्हवर चढवा, ‘ओपन विथ’मधून गुगल डॉक्स निवडा; चित्राखाली मजकूर तयार मिळतो. स्क्रीनशॉट धूसर असेल तर रफार आणि अनुस्वार गळतात, ‘वर्ग’चा ‘वग’ होतो. दोन स्तंभांचं पान असेल तर ओळी एकमेकींत मिसळतात, म्हणून एकेका स्तंभाचं चित्र वेगळं चढवा. मजकूर मूळ पानाशी एकदा ओळीनं वाचून घ्या, आणि मग वर्कशीटच्या तळाला शीर्षक, लेखक, मूळ ठिकाण, परवाना लिहा. बदल केला असेल तर तेही लिहा. सीसी बायमध्ये ते बंधनकारक आहे.