भुंकला म्हणजे सापडला असं नाही

गेल्या महिन्यात एकच चित्रफीत मला चार जणांनी पाठवली. अमेरिकेतलं रात्रीचं जंगल, ओकच्या बुंध्यावर पुढचे पाय टेकवून घसा फाटेस्तोवर भुंकणारी तीन कूनहाउंड कुत्री आणि वर ठसक्यातलं मराठी निवेदन. सांगणं थोडक्यात असं: कूनहाउंडचं पिल्लू घडवायला विशेष काही लागत नाही, सगळं रक्तातच असतं. जुन्या कुत्र्याबरोबर सोडा. पिंजऱ्यातल्या रॅकूनशी (अमेरिकेतला, मांजराहून थोडा मोठा, झाडावर चढणारा प्राणी) एकदा झोंबवा. झाडाखाली जितका पेटेल तितका कुत्रा जातिवंत. रिकाम्या झाडाला भुंकला तर शॉक कॉलरचं, म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्याचं, बटण दाबा. आणि दर वेळी वरचा रॅकून पाडून त्याच्या तोंडी द्या, नाहीतर त्याचा शिकारीतला जीव जाईल.

मी दक्षिण ओहायोत राहतो. सहा हिवाळे या कुत्र्यांमागे ओढ्याकाठचा चिखल तुडवलाय, त्यातला पहिला अख्खा हिवाळा याच समजुतींपायी वाया घालवलाय. म्हणून लिहायला बसलो.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. आपला कारवानी कुत्रा डोळ्यांनी शिकार करतो. माळावर ससा उठला की तो सुटला. कूनहाउंड नाकाने चालतो आणि तोंडाने बोलतो. ब्लूटिक, रेडबोन, ब्लॅक अँड टॅन, इंग्लिश, प्लॉट आणि ट्रीइंग वॉकर या त्याच्या सहा मुख्य जाती. रात्री रॅकून खाण्याच्या शोधात निघतो, कुत्रा त्याचा माग काढतो आणि माग लागला की लांबलचक हेल काढतो. रॅकून झाडावर चढला की बुंध्याशी उभं राहून कुत्र्याचा आवाज बदलतो, तुटक आणि ठोक्याठोक्याने भुंकणं सुरू होतं. याला 'ट्री झाला' म्हणतात. मालक तेव्हा अर्धा मैल लांब अंधारात उभा असतो. त्याला सगळी बातमी या आवाजातूनच मिळते. म्हणजे झाडाखालचं भुंकणं हा निरोप आहे, आणि निरोपात पहिल्यांदा बघायचं ते तो खरा आहे की नाही. त्या चित्रफितीत तीन मिनिटं भुंकणं आहे. झाडावर रॅकून होता का, हे एकदाही दाखवलेलं नाही.

रक्ताचं म्हणणं अर्धं खरं आहे, ते मान्यच करतो. वर बघून भुंकायची ओढ पिढ्यान्‌पिढ्या निवडून आणलेली आहे. ट्रीइंग वॉकरचे पूर्वज कोल्ह्यामागे धावणारे फॉक्सहाउंड. त्यांच्यातली झाडाशी टिकून राहणारी कुत्री लोक वेगळी काढत गेले आणि 1945 मध्ये युनायटेड केनेल क्लबने त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. पण रक्तातून ओढ येते, कुठलं झाड ते येत नाही. शिवाय ती ओढ प्रत्येकात एकाच वयात जागी होत नाही. एखादं पिल्लू सहा महिन्यांचं असताना खारीमागे झाडाला लागतं, एखाद्याला दीड-दोन वर्षं लागतात. आठ महिन्यांच्या पिल्लाला 'यात दम नाही' म्हणून विकून टाकणारे मी पाहिलेत आणि दोन वर्षांनी तेच कुत्रं दुसऱ्याच्या अंगणात बघून हळहळणारेही.

आता मूळ दुखण्याकडे येतो: झाडाखाली जितका पेटेल तितका चांगला.

रॅकून साधा प्राणी नाही. तो एका झाडाला हात लावून, दोन फूट वर चढून पुन्हा उतरतो आणि पुढे जातो. सालीवर वास राहतो, रॅकून नाही. किंवा एका झाडावर चढून फांद्याफांद्यांनी तिसऱ्या झाडावर उतरतो. दमट, वारा पडलेल्या रात्री वास खाली साचतो, जरा वारा सुटला की भलतीकडे सरकतो. अनुभवी कुत्रा अशा झाडाशी आला की लगेच तोंड उघडत नाही. बुंध्याभोवती आधी लहान, मग मोठी चक्कर मारतो. माग बाहेर गेलेला नाही अशी खात्री पटली की मगच बोलतो. उतावळं पिल्लू पहिला वास आला की तिथेच गळा काढतं. इथे मालक काय करतो त्यावर सगळं ठरतं.

मी काय केलं ते सांगतो. माझी ब्लूटिक कुत्री चांदणी तेव्हा अकरा महिन्यांची होती. मक्याच्या शेताच्या कडेला एका अक्रोडाखाली तिने असा काही सूर लावला की मी धावत, धापा टाकत पोचलो आणि तिच्या बरगड्या थोपटून 'शाब्बास गं माझी राणी' सुरू केलं. बत्ती वर टाकायचं भानच नव्हतं. बरोबर शेजारचे आजोबा होते, पन्नासेक वर्षं हेच करत आलेले. ते काही बोलले नाहीत. डोक्यावरच्या बत्तीने त्यांनी झाडाला चारी बाजूंनी, फांदीन्‌फांदी, दहा मिनिटं न्याहाळलं. थंडीत पानं झडलेली, ढोली कुठे नाही, झाड उघडंबोडकं. वर काही नव्हतं. मग त्यांनी तिसऱ्या झाडावर, एका जुन्या बीचवर बत्ती फिरवली. दुबेळक्यात दोन डोळे हिरवट चमकले. चांदणीला मात्र मी एव्हाना सांगून टाकलं होतं की अक्रोडाला भुंकलं की लाड होतात. त्या हिवाळ्यात त्या शेताकडे गेलो की ती माग-बिग न काढता थेट त्या अक्रोडाशी जाऊन उभी राहायची.

हे सुधारायला मार नाही, धीर लागतो. झाडाशी पोचलो की आता मी गप्प असतो. आधी तिला पट्टा लावायचा, मग झाड बघायचं. रॅकून दिसला तरच कौतुक, आणि मग हात आखडता घ्यायचा नाही. झाड स्वच्छ रिकामं असेल तर एक शब्द न बोलता, न रागावता, तिला तिथून चालवत दूर न्यायचं आणि पुन्हा सोडायचं. पानं दाट असतील किंवा ढोली असेल तर काहीच सांगता येत नाही. तेव्हा कौतुकही नको, नाराजीही नको.

स्पर्धांचा हिशेबही हेच सांगतो, आणि तो त्या निवेदकाने बघायला हवा होता. युनायटेड केनेल क्लबच्या रात्रीच्या स्पर्धेत माग पहिल्यांदा जाहीर करणाऱ्या कुत्र्याला 100 गुण, झाड पहिल्यांदा धरणाऱ्याला 125. रॅकून दिसला तर ते जमा. आणि झाड उघडंबोडकं, लपायला जागाच नाही आणि वर कोणी नाही, अशा वेळी तेच गुण वजा. म्हणजे सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात बोंबलणारा एका झाडात सव्वादोनशेने मागे. ढोली किंवा दाट पानांमुळे काहीच ठरवता येत नसेल तर गुण ना जमा ना वजा. मिनिटाला किती वेळा भुंकला याची फुशारकी अमेरिकेतही भरपूर चालते, पण गुणपत्रिकेत तिला रकाना नाही.

'पेटणं' म्हणून चित्रफितीत ज्याचं कौतुक केलंय त्यात आणखी एक गोष्ट दिसते. डावीकडचा कुत्रा शेजारच्यावर दात काढतो आणि निवेदक म्हणतो, 'बघा, कसा हक्काने झाड धरलंय!' त्या क्लबच्या स्पर्धेत असा कुत्रा बाद होतो. आणि स्पर्धा सोडा, याचं नुकसान पिल्लाला भोगावं लागतं. बुंध्याशी गेलं की थोरला अंगावर येतो हे एकदा कळलं की पिल्लू वीस पावलं लांब उभं राहून भुंकतं, किंवा झाड सोडून निघूनच जातं. मग मालक म्हणतो, पिल्लू झाडाशी टिकत नाही! ते टिकेल कसं? गुरगुरणाऱ्याला पोचल्या पोचल्या वेगळ्या झाडाला बांधा, पिल्लाला त्याच्याबरोबर पुन्हा सोडू नका. खोड मोडत नसेल तर त्या कुत्र्याची पिल्लंही काढू नका.

यातूनच 'जुन्याबरोबर सोडा, आपोआप शिकतं' याचंही उत्तर मिळतं. शांत, खऱ्या कुत्र्याबरोबर सुरुवातीच्या काही रात्री जरूर सोडा. पण तेवढंच केलं तर पिल्लू माग काढायला शिकत नाही, दुसऱ्याच्या आवाजाकडे धावायला शिकतं. बाकीचे भुंकतायत म्हणून हाही भुंकतो. एक रात्र एकटं सोडलं की पितळ उघडं पडतं: पिल्लू तुमच्या पायात घोटाळत राहतं.

शॉक कॉलर माझ्याकडेही आहे. ती कुत्रा हरणामागे धावला तर त्याला थांबवण्यासाठी आहे, आणि तेही कुत्रा हरणामागेच आहे याची शंभर टक्के खात्री असेल तेव्हा. झाडाखाली बटण दाबलं की कुत्र्याला 'हे झाड चुकलं' असं कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच: झाडाशी उभं होतो आणि मानेला चटका बसला. पुढच्या वेळी खऱ्या झाडालाही तो उभा राहणार नाही. शिवाय खालून ज्याला आपण रिकामं म्हणतो त्याच्या शेंड्याला रॅकून अंगाचं मुटकुळं करून, डोळे मिटून बसलेला असू शकतो. कुत्रा बरोबर आणि आपण चूक, असं माझ्या बाबतीत इतक्यांदा झालंय की आता रिमोट गाडीतच ठेवतो.

पिंजऱ्यातल्या रॅकूनची गोष्ट ऐकून मात्र मला खरंच राग आला. तो प्राण्याशी क्रूरपणा आहे हे एक. बऱ्याच ठिकाणी जिवंत रॅकून पकडून ठेवण्यावर कायद्याची बंधनं आहेत, हे दुसरं. आणि शिकवण म्हणूनही तो वेडेपणा. पिल्लू एक तर नाकाला चावा बसून कायमचं भितं, नाहीतर पिंजरा शोधायला शिकतं. वर रोग. रॅकूनकडून डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा रोग येतो, रेबीज येतो. अमेरिकेचं कृषी खातं पूर्वेकडच्या राज्यांत, ओहायोच्या काही भागांतही, रॅकूनसाठी रेबीजच्या लशीची आमिषं विमानातून टाकतं, ते उगाच नाही. तिसरा रोग तर या कुत्र्यांच्याच नावाने ओळखला जातो, कूनहाउंड पॅरालिसिस. रॅकून चावल्यावर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी मागचे पाय लुळे पडायला लागतात, मग पुढचे, आवाज बसतो. कुत्रा शुद्धीवर असतो, खातो, शेपटीही हलवतो, पण उठू शकत नाही. बहुतेक बरे होतात, पण त्याला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात, आणि तोवर दिवसातून कितीदा तरी कूस बदलून द्यावी लागते. यावर लस नाही.

पिल्लाला कल्पना द्यायची असेल तर वास लावलेलं फडकं ओढत छोटा माग आखा आणि तो एका झाडाशी संपवा. त्यातही एक गोम आहे. फडकं ओढताना आपल्याच पावलांचा वास बाजूने जातो आणि हुशार पिल्लू रॅकून सोडून आपलाच माग काढतं. म्हणून फडकं लांब काठीला बांधून, जमेल तितकं बाजूने चालायचं. तेही चार-पाच वेळाच.

जाता जाता, त्या चित्रफितीखाली कोणी तरी विचारलंय की गावाकडे उदमांजरावर हे जमेल का. जमवू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. ओहायोत परवाना आहे, मोसम ठरलेला आहे. इथला नियम कोकणात लागू होत नाही.

राहिलं शेवटचं, रॅकून पाडून तोंडी दिला नाही तर कुत्रा शिकार सोडतो म्हणे. स्पर्धेत रॅकून मारतच नाहीत, गुण मोजतात आणि निघतात. 1980 च्या दशकाच्या अखेरीस कातड्याचे भाव कोसळले, त्यानंतर इथल्या कितीतरी लोकांनी बंदूक घरी ठेवून नुसतं ऐकायला जायला सुरुवात केली. कुत्री त्यांचीही रोज रात्री दार खरवडतात.

गेल्या जुलैची गोष्ट. चांदणीने ओढ्याकाठचं एक सिकॅमोरचं झाड धरलं होतं. बत्ती वर टाकली तर एका फांदीवर मादी आणि तिच्यामागे तीन पिल्लं, चारही तोंडं खाली वळलेली. मी तिला थोपटलं, पुरेपूर लाड केले, पट्टा लावला, बत्ती विझवली. परत येताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी बूट घालायला वाकलो, तर ती आधीच पट्टा तोंडात धरून दाराशी उभी होती.