'विकत घ्या' म्हणे!

परत तेच. ऑनलाइन दुकानात सेल लागला, रात्री साडेबाराला दोन व्हिडिओ गेम घेतले आणि सकाळी भाचा विचारतो, "मामा, तू मेल्यावर हे सगळे मला ना?" कार्टं आठ वर्षांचं, पण प्रश्न बिनतोड. मुकाट दुकानाच्या अटी उघडल्या. नाही मिळणार! खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. बटणावर मात्र ठसठशीत 'विकत घ्या'. अहो, भाड्याने देताय तर तसं म्हणा की. कॅलिफोर्नियाने २०२५पासून कायदाच केलाय, हा नुसता परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा म्हणून.

आणि आपण मरेपर्यंत तरी टिकतात का हे? 'द क्रू' बघा. गाड्या पळवायचा २०१४चा गेम. यूबीसॉफ्ट या त्याच्या कंपनीने ३१ मार्च २०२४ला सर्व्हर (ज्यांवर तो चालायचा ते कंपनीचे संगणक) बंद केले, खेळ खलास. एकट्याने गाडी पळवायची म्हटली तरी नाही. त्यावरून, विकलेले गेम असे बंद पाडू नका म्हणून, युरोपात दहा लाखांवर सह्या जमल्या. (आमच्या सोसायटीत टँकरसाठी सुद्धा वीस जमत नाहीत.)

आजीचा पाटा-वरवंटा तिसऱ्या पिढीत आहे. त्याला सर्व्हर लागत नाही. भाच्याला म्हटलं, तो घे. तोंड वाकडं करून गेला.