भांडायला आई शुद्धीवर हवी

रेणुका शहाणेंचा ‘त्रिभंग’ २०२१ साली नेटफ्लिक्सवर आला तेव्हा आमच्या ग्रुपवर चर्चा कसली, तर काजोलच्या तोंडच्या शिव्यांची. परवा पुन्हा बघितला. शिव्यांचं काही वाटलं नाही (हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये कुणी ओव्या म्हणत बसत नाही), पण एक गोष्ट खटकली ती खटकलीच. पाहिला नसेल तर पुढे वाचू नका, कथा फुटणार आहे.

नयन मराठी लेखिका. सासूचं आणि तिच्या लिखाणाचं जमेना, नवरा आईच्या बाजूने, म्हणून मुलांना घेऊन बाहेर पडलेली. लेक अनू ओडिसी नर्तिका आणि नटी. लहानपणी आईच्या जोडीदाराने तिच्यावर अत्याचार केले आणि आईला पत्ता नव्हता. राग इतका, की ती ‘आई’ म्हणतच नाही, सरळ ‘नयन’! भांडण असं सणसणीत मांडून ठेवलंय, आणि दिग्दर्शिका करते काय? सुरुवातीलाच नयनला कोमात पाठवते. मग आई बोलणार रेकॉर्डिंगमधून आणि लेक भडकणार मिलनवर, म्हणजे नयनचं आत्मचरित्र लिहून घेणाऱ्या लेखकावर, जो बिचारा शुद्ध हिंदीत सगळं ऐकून घेतो. तन्वी आझमी आणि काजोल हाताशी असून दोघींना पोटभर भांडूच दिलं नाही. कोमातल्या आईला माफ करणं सोपं असतं हो, ती उलट बोलत नाही. शांता गोखल्यांसारखी लेखिका आई लाभलेल्या दिग्दर्शिकेकडून माझी अपेक्षा जास्त होती.

स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनच्या ‘ऑटम सोनाटा’मध्ये (१९७८) आई पळू शकत नाही. शार्लट नामवंत पियानोवादक, सात वर्षांनी लेकीकडे आलेली. इव्हा तिला शोपँचा एक प्रिल्यूड (छोटी पियानोरचना) वाजवून दाखवते. मग आई शेजारी बसते आणि तोच, ‘हा असा असतो’ म्हणून वाजवते. कॅमेरा दोघींच्या चेहऱ्यांवर. इव्हा पियानोकडे बघतच नाही, आईकडे बघतेय. रात्री जे भांडण पेटतं त्याची काडी इथेच पडलेली असते. आणि त्या भांडणात आईलाही बोलायला मिळतं: तिलाही लहानपणी कुणी जवळ घेतलेलं नसतं. त्यानंतर लेकीची बाजू घेणं अवघड होऊन बसतं.

‘त्रिभंग’मध्ये असं समोरासमोर एकदाच घडतं, अनू आणि तिची मुलगी माशा यांच्यात. मी नयनसारखी आई नाही, हा अनूचा ठाम समज. आणि डोक्यावर पदर घेऊन एकत्र कुटुंबात नांदणारी माशा तिला शांतपणे सांगते, शाळेत तुझ्यावरून मला काय काय ऐकावं लागलं ते. काजोलचा चेहरा बघा तिथे, तोंडात एक शिवी येत नाही. माझ्या मते सिनेमा इथून सुरू व्हायला हवा होता, इथे तो आटोपतं घेतो. माशाने आवाज चढवायला हवा होता, असं मी म्हणते. सासरी जपून वागणारी मुलगी आईशीही जपूनच बोलणार, मिथिला पालकरने अचूक केलंय, असं माझ्या बहिणीचं म्हणणं. आमचं अजून मिटलेलं नाही.