त्या पांढऱ्या घुमटात कॅमेरा नाहीये

जुळे सोलापूरकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतंय, की जिन्यात आणि पार्किंगमध्ये छताला जे छोटे पांढरे घुमट बसवलेत त्यात कॅमेरा-माईक आहे, स्मार्ट सिटीवाले सगळं रेकॉर्ड करतात आणि लाइट लागला नाही की समजायचं रेकॉर्डिंग चालू आहे.

अहो, तो पीआयआर सेन्सर आहे, लाइट आपोआप लावणारा. सोलापूर 2016 च्या पहिल्या 20 स्मार्ट शहरांच्या यादीत होतं हे खरं, पण म्हणून तुमच्या जिन्यातला दिवा सरकारी होत नाही. या सेन्सरला चित्र दिसतच नाही, अंगातून निघणारी उष्णता इकडून तिकडे हलली एवढंच कळतं. नीट बघा, घुमट दुधी प्लास्टिकचा आणि मधाच्या पोळ्यासारखे कप्पे पडलेला असतो, कॅमेऱ्याचा मात्र गुळगुळीत, पारदर्शक नाहीतर काळपट.

काही ठिकाणी हे सेन्सर लोरा नेटवर्कला, म्हणजे छोटे मेसेज दूरवर पाठवणाऱ्या बिनतारी जाळ्याला जोडतात, पण त्यात एका मेसेजला अडीचशे बाइटसुद्धा मावत नाहीत, व्हिडिओ कुठून जाणार? कोण कधी ये-जा करतं याचा अंदाज मात्र सेन्सर कधी चालू झाला याच्या नोंदींवरून येऊ शकतो, तेव्हा त्या कोणाकडे जातात हे कमिटीला जरूर विचारा.

आता लाइट न लागण्याचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी पार करतो, भिंतीही अंगाएवढ्याच तापतात, मग सेन्सरला माणूस आणि भिंत यातला फरकच कळत नाही. हात हलवत दोन पावलं आडवं चाला, बहुतेक वेळा लागतो.