‘८ जीबीखालचे ग्राफिक्स कार्ड म्हणजे पैसे पाण्यात’: एक प्रतिवाद

‘८ जीबीपेक्षा कमी मेमरीच्या कार्डावर नवे गेम चालत नाहीत, अपस्केलिंगचा (कमी पिक्सेलमध्ये चित्र काढून ते मोठे करण्याच्या तंत्राचा) लाभही महागड्या कार्डांनाच मिळतो, म्हणून थांबा आणि मोठेच कार्ड घ्या’ हा सल्ला सध्या सर्रास दिला जातो. तो ऐकून पहिलाच पीसी असेंबल करून घेणारा विद्यार्थी एकतर बेत सोडून देतो किंवा ऐपतीबाहेर खर्च करतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गेम चालतच नाहीत, हे विधान निर्मात्यांनी स्वतः जाहीर केलेल्या किमान गरजांशीच जुळत नाही. २०२३ मध्ये आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ला एनव्हिडियाचे ४ जीबीचे जीटीएक्स ९७० हे कार्ड पुरते आणि ‘एल्डन रिंग’ची किमान अट ३ जीबीच्या जीटीएक्स १०६० ची आहे. अपवाद आहेत, आणि ते लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल: ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ (२०२४) आणि ‘डूम: द डार्क एजेस’ (२०२५) यांना ८ जीबी मेमरीबरोबर हार्डवेअर रे ट्रेसिंगही (प्रकाशकिरणांचा माग काढून दृश्य रंगवण्याची कार्डातली खास सोय) अनिवार्य आहे. मात्र ही सोय नसल्यामुळेच ११ जीबीचे जीटीएक्स १०८० टीआय तिथे बाद ठरते, तर एएमडीच्या आरएक्स ६६०० सारखे तुलनेने स्वस्त कार्ड किमान अटीत बसते. म्हणजे केवळ जीबी मोजून निर्णय घेता येत नाही.

मेमरीचा मुद्दा मुळात समजून घ्यायला हवा. टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) कार्डाच्या मेमरीत मावेनासे झाले की ते रॅममधून पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या, वाटेने आणावे लागतात. जीडीडीआर५ मेमरीच्या जीटीएक्स १६५० चा स्वतःचा वेग सेकंदाला १२८ जीबी आहे, तर १६ लेनच्या (समांतर मार्गिकांच्या) पीसीआय एक्स्प्रेस ३.० चा सुमारे १६ जीबी, आणि या आठपट फरकामुळेच गेम मध्येच अडखळतो. टेक्स्चरची सेटिंग एक-दोन पायऱ्या उतरवली की ही अडचण बहुतेक वेळा दूर होते. खरी फसगत वेगळ्या ठिकाणी होते. आरएक्स ६५०० एक्सटीला चारच लेन असल्याने जुन्या ३.० च्या मदरबोर्डवर ही वाट ४ जीबीच्या आसपास येते. जीटी १०३० तर एकाच नावाने दोन प्रकारांत विकले गेले असून जीडीडीआर५ प्रकाराचा वेग ४८ जीबी आणि डीडीआर४ प्रकाराचा जेमतेम १६.८ जीबी आहे. खोक्यावरची मेमरीच्या प्रकाराची ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

अपस्केलिंगबद्दलचा दावा अर्धवट आहे. एनव्हिडियाच्या डीएलएसएस या अपस्केलिंग तंत्राला तिचेच आरटीएक्स कार्ड लागते हे खरे, पण एएमडीने जून २०२१ मध्ये आणलेले एफएसआर हे तसेच तंत्र जीटीएक्स कार्डांवरही चालते. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत १०८० पीच्या पडद्यासाठी ‘क्वालिटी’ मोडमध्ये २०,७३,६०० ऐवजी ९,२१,६०० पिक्सेलच प्रत्यक्ष रंगवावे लागतात. गवत, तारा, जाळ्या किंचित धूसर दिसतात, म्हणून त्याहून खालचा मोड या रिझोल्यूशनला मी सुचवणार नाही.

राहिला ‘मोठेच कार्ड घ्या’ हा सल्ला. तो देणारे एसएमपीएसचा (पीसीला वीज पुरवणाऱ्या युनिटचा) विचारच करत नाहीत. जीटीएक्स १६५० ची गरज ७५ वॅट आहे आणि तेवढी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळते. त्यामुळे वेगळी पॉवर केबल न लागणारे मॉडेल निवडले, तर कार्यालयातून निघालेल्या जुन्या पीसीतही ते एसएमपीएस न बदलता बसू शकते.